सुटीचा दिवस : तांदुलाच्या काठी

काश्मीरची सहल करून आलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी परवा मोठ्या उत्साहाने विचारले, "तिकडच्या ओढ्यांतला ट्राउट मासा आपल्या भिलाईच्या तलावांत का बरे सोडीत नाहीत?" प्रश्न भाबडा असला तरी त्याचे उत्तर मनोरंजक आहे. ट्राउट हा मुळात काश्मीरचाही नव्हे. त्याची अंडी स्कॉटलंडहून आणवून तेथे वाढविली गेली ती १९०० साली. त्यास वीस अंशांहून थंड, वाहते पाणी लागते. ज्या गावी वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेथे तो बिचारा कसा तग धरणार?

परंतु गळ टाकून बसण्याची हौस भागविण्यास आपल्याला स्कॉटलंडचा पाहुणा हवा कशाला? भिलाईच्या पोलाद कारखान्यास पाणी पुरविणारे दोन मोठे जलाशय आपल्या हाकेवर आहेत. एक बालोदजवळचा तांदुला. तांदुला व सुखा या नद्यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला. दुसरा धमतरीजवळ महानदीवरचा गंगरेल, म्हणजेच रविशंकर सागर. (गावातील मरोदा तलाव हा कारखान्याचा साठा, तेथे वाऱ्यावर बसावे, गळ मात्र घरी ठेवावा.) बालोद तर दल्ली-राजहराच्या लोहखाणींकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच असल्याने मुलाबाळांसह जाणे सोयीचे पडते.

सहलीचा बेत आखताना बहुतेक गृहस्थ आधी आपली पाळी पाहतात, मग साप्ताहिक सुटी, आणि सर्वांत शेवटी माशांचा हंगाम. हा क्रम उलटा असावयास हवा. हे मी अनुभवाने शिकलो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचा दुसरा आठवडा होता, वळवाच्या दोन सरी होऊन गेल्या होत्या. मी व माझा मुलगा तांदुलास मिळणाऱ्या एका नाल्याच्या तोंडाशी बसलो होतो. तासाभरात चार किलोंचा रोहू लागला. घरी तो चिरला तेव्हा पोट गाबोळीने गच्च भरलेले. सौभाग्यवतींनी ती हळद-तिखट लावून तळली आणि मुलांनी फस्त केली. दोष कायद्याने काहीच नव्हता. छत्तीसगडात नद्यांत व त्यांच्याशी जोडलेल्या जलाशयांत मासेमारी बंद असते ती १६ जून ते १५ ऑगस्ट. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमची तारीख त्याआधीची. पण काठावरच्या एका वृद्ध केवटाने निघताना म्हटलेले वाक्य मनातून जाईना : "बाबूजी, आठ दिवस थांबला असता तर ती वर चढली असती."

त्याचा अर्थ मला पुढे कळला. रोहू, कटला व मृगळ ही मंडळी साचलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालीत नाहीत. पहिल्या पुराचे गढूळ पाणी नाल्यांतून येऊ लागले की त्या प्रवाहाच्या उलट चढून त्या उथळ जागी अंडी सोडतात. रोहूच्या मादीस वजनाच्या दर किलोमागे दोन लाखांवर अंडी असतात. म्हणजे आमच्या त्या एका ताटात आठ लाख! त्यांतून जगणारी बोटुकली थोडीच, हे खरे, तरीही. तलावांतल्या माशांना पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालावयास लावण्याची किमया डॉ. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ साली साधली, आणि आज जलाशयांत सोडले जाणारे बीज बहुतांशी त्याच मार्गाने येते. तथापि नाल्याचे तोंड हे माशांच्या माहेरवाशिणींचा रस्ता आहे, तेथे जूनमध्ये बसू नये. तो केवट बंदीचे दोन महिने जाळे गुंडाळून ठेवतो, त्याच्या घरची चूल त्यावर चालते. माझा पगार तर पहिल्या तारखेस येतो. तेव्हापासून मे महिना सरला की आमचा गळ माळ्यावर जातो.

मग जावे केव्हा? बंदी उठली तरी ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी लाल व काठोकाठ असते. लहान मुलांसह तर नकोच. दसरा-दिवाळीचा काळ सर्वोत्तम : पाणी निवळते, माशांना भूक असते. पौषाच्या थंडीत ते सुस्तावतात, तेव्हा दुपारी अकरानंतर बसावे. फाल्गुनात पुन्हा गंमत येते. चैत्र-वैशाखात गावोगावचे निस्तारी तलाव भरण्यासाठी पाणी सोडले जाते व काठ मागे सरतो. तेथला गाळ वरून वाळलेला दिसतो, पण पाय गुडघ्यापर्यंत रुततो. मुलांना त्यावर धावू देऊ नये. धरणाच्या दारांखालच्या पात्रात तर कधीच बसू नये.

आणखी एक. मोठ्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात. काठावरच्या मच्छीमारांना विचारल्यावाचून गळ टाकणे म्हणजे परक्याच्या मळ्यात शिरून ओंब्या खुडणे होय. विचारले तर तेच जागा दाखवितात.

आमिषास कणकेच्या गोळीत थोडी भाजलेली पेंड मिसळावी, किंवा गांडूळ लावावे. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो पृष्ठभागाजवळ चरतो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. दोरीवरचे बूच त्याप्रमाणे वरखाली सरकवावे. छत्तीसगडीत या गळास 'गरी' म्हणतात. आमच्या कोकणातल्या आजोबांचाही शब्द तोच होता, हे ऐकून त्या वृद्ध केवटास फार गंमत वाटली. यंदा दिवाळीनंतरच्या पहिल्या सुटीस त्याने आम्हांस बोलाविले आहे. मुलाने पाळ्यांच्या तक्त्यावर त्या तारखेभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढून ठेवले आहे, आणि मी रात्रपाळी बदलून घेण्याच्या खटपटीत आहे.