यंत्र कोणाचें?

2025 च्या दिवाळीची सुटी संपल्यावर मिरजगांवच्या एका शाळेंत व्याख्यानास जाण्याचा आम्हांस योग आला. व्याख्यान आटोपून व्हरांड्यांत चहा घेत असतां कोपऱ्यांत एकावर एक रचलेले बारा संगणक दृष्टीस पडले. "हे बिघडले काय?" असें आम्हीं विचारलें. "बिघडले नाहींत, बाद झाले," असें उत्तर मिळालें. आमच्या आग्रहावरून त्यांतील एक जोडून पाहिला, तों तो बिनतक्रार सुरू झाला. धडधाकट बैलाला म्हातारा ठरवून बाजाराची वाट दाखवावी, तशांतलाच हा प्रकार!

बाद ठरविण्याचें कारण असें. या संगणकांवर 'विंडोज 10' ही कार्यप्रणाली होती. तिच्या निर्मात्या मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 14 ऑक्टोबर 2025 रोजीं तिची नियमित देखभाल थांबविली. 2021 सालीं निघालेली 'विंडोज 11' घ्यावी, तर ती टीपीएम 2.0 नांवाची सुरक्षा-व्यवस्था आणि कंपनीच्या यादींतील प्रोसेसर मागते. इंटेलचे त्या यादींतील प्रोसेसर बहुतेक 2017 पासूनचे. शाळेचे संगणक त्यापूर्वींचे. विक्रेत्यानें एका वाक्यांत निकाल दिला : "भंगारांत घाला आणि नवे घ्या." ज्याला नवे विकावयाचे आहेत, त्यालाच जुन्याचा न्यायाधीश नेमण्याची ही रीत आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

एक गोष्ट आरंभींच कबूल करतों. देखभाल थांबलेली प्रणाली तशीच ठेवून संगणक इंटरनेटला जोडणें धोक्याचें आहे. नवीं छिद्रें सांपडत जातात आणि तीं बुजविणारा कोणी उरत नाहीं. ठराविक मुदतीपुरती वाढीव देखभाल कंपनी देते; पण त्यानें मरण पुढें ढकललें जातें, इतकेंच. परंतु म्हणून यंत्रच फेकावें, हें अनुमान कोणत्या तर्कशास्त्रांत बसतें? धोका प्रणालींत आहे, ती बदला. लिनक्सवर आधारलेल्या अनेक प्रणाली विनामूल्य मिळतात, आणि त्यांतल्या कित्येक जुन्या यंत्रांवरही सुखानें चालतात. अशी एक प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी, संगणक त्यावरूनच सुरू करावा, आणि आंतील एक अक्षरही न पुसतां पडदा, कळफलक, आवाज, छपाई हें सर्व तपासून पहावें. पटलें तर बसवावी. न पटलें तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा कीं, जें यंत्र ज्या प्रणालीसाठीं घडविलें, तिच्यावरच तें चालवावें. दुसरें कांहीं करणें म्हणजे यंत्राच्या प्रकृतीशीं वैर. हा आक्षेप ऐकून आम्हांस हसूं आलें. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें 1991 सालीं ज्या 386 जातीच्या संगणकावर लिनक्सचा आरंभ केला, तो कांहीं लिनक्ससाठीं घडविलेला नव्हता. लिनक्स तेव्हां जन्मलेंच नव्हतें! घरचा दाखला हवा असेल तर गणपत कृष्णाजींचा घ्या. मुंबईंतील अमेरिकन मिशनचा छापखाना धर्मप्रसाराच्या पुस्तकांसाठीं होता. ती विद्या पाहून या गृहस्थानें स्वतःचें यंत्र उभें केलें आणि 1831 सालीं त्यावर पंचांग छापलें. रोमन अक्षरांसाठीं निघालेल्या टंकलेखन-यंत्रावर पुढें देवनागरी बसविली गेली, आणि त्यावर आमच्या कचेऱ्या चालल्या. फार काय, गळिताच्या हंगामांत ऊस वाहणारी टायरची बैलगाडी पहा. मोटारीचें चाक बैलासाठीं केलेलें नव्हतें, म्हणून कोणा शेतकऱ्यानें तें नाकारलें काय?

दुसरा आक्षेप नोकरीचा. मुलांना पुढें कचेरींत विंडोजच लागणार, असें पालक म्हणतात. लागेलही. मग दोन नवे संगणक अवश्य घ्या. पण त्यासाठीं बाराच्या बारा भंगारांत कां? 'लिबरऑफिस'मध्यें बेरजेचें सूत्र शिकलेला मुलगा दुसऱ्या कंपनीच्या तक्त्यापुढें आंधळा होत नाहीं. केरळच्या सरकारी शाळांनीं लिनक्सवरील प्रणाली वर्षानुवर्षें वापरल्या आहेत. त्यापायीं तेथील मुलें नोकरीवांचून राहिलीं, असें आमच्या ऐकिवांत नाहीं.

तिसरा आक्षेप 'फुकट तें निकृष्ट' हा. ज्या अँड्रॉइड फोनवरून तो आम्हांस कळविण्यांत आला, त्याच्या गाभ्याशीं लिनक्सच आहे! जगांतील सर्वांत बलाढ्य 500 संगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तींतील एकूण एक संगणक नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सवर चालत आले आहेत. ज्या सी-डॅक या सरकारी संस्थेचें मुख्यालय आपल्या पुण्यांत, तिनें 2007 सालीं 'बॉस' नांवाची लिनक्स-प्रणाली भारतीय भाषांसह काढली. तिचें नांव आमच्या किती शिक्षकांस ठाऊक आहे?

सर्व सुरळीत होतें असा आमचा दावा नाहीं. आम्हीं दोन संगणकांवर स्वतः प्रयोग केला. एकाचें वायफाय चालेना. त्याला लागणारें फर्मवेअर निराळें मिळवावें लागलें, तोंपर्यंत तार जोडून काम भागविलें. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेलीं शाळेचीं जुनीं पत्रें अगम्य दिसूं लागलीं. त्यांचें रूपांतर हें कष्टाचें काम आहे. परंतु नववींतील एका मुलीनें इनस्क्रिप्ट कळफलकावर गांवाचें नांव लिहिलें, तेव्हां एकही काना-मात्रा तुटली नाहीं.

खरा प्रश्न याहून मोठा आहे. यंत्र एका प्रणालीसाठीं 'घडविलेलें' असणें निराळें, आणि दुसरीला त्यांत 'मज्जाव' असणें निराळें. सोनी कंपनीनें 2006 सालीं विकावयास काढलेल्या 'प्लेस्टेशन 3' या खेळयंत्रावर दुसरी प्रणाली बसविण्याची सोय होती. 1 एप्रिल 2010 रोजीं एका सुधारणेद्वारां ती काढून घेण्यांत आली, आणि जो ती सुधारणा नाकारील त्याला कंपनीच्या इंटरनेट-सेवेला मुकावें लागलें. घर विकत दिल्यावर विक्रेत्यानें येऊन एका खोलीला कुलूप ठोकावें, त्यांतलाच हा न्याय! 2012 सालच्या 'विंडोज आरटी'च्या यंत्रांत तर तें कुलूप पहिल्या दिवसापासूनच होतें. त्याची किल्ली मालकाला मिळालीच नाहीं. शाळेच्या त्या बारा संगणकांना असें कुलूप नाहीं. दार उघडें असतां आम्हीं उंबऱ्यावर बसून रडावें, ही कोण बुद्धि?

भंगाराचा ठराव शाळेच्या समितीपुढें यावयाचा आहे. त्यापूर्वीं प्रत्येक संगणकास एक पेन ड्राइव्ह आणि एक तास मिळावा, एवढीच आमची मागणी आहे. त्यानंतरही जो चालणार नाहीं, त्याचा खुशाल लिलाव करा. पण बारा चालते संगणक व्हरांड्यांत धूळ खात आहेत आणि आंत एका पडद्यापुढें पांच-पांच मुलें माना उंचावून बसलीं आहेत, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. तें पाहून गप्प बसणें आमच्यानें होणार नाहीं.