डॅमसेल मासा चिवट आहे, हा त्याचा गुन्हा आहे का?

मंडळी, आज राजकारण बाजूला. विषय छोटा आहे, पण बोललं पाहिजे.

आपल्या कोरेगावातही आता काही हॉलमध्ये, दवाखान्यांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्यात. त्यात एखादा निळाशार डॅमसेल असतोच. पोरांचा लाडका 'निमो', म्हणजे क्लाउनफिश, याच्याच कुळातला. समुद्र घाटाखाली शंभराहून जास्त किलोमीटरवर, पण हौसेला मोल नसतं. हौसेला माझी ना नाही. आक्षेप आहे तो एका सवयीला.

नवी टाकी भरली की सल्ला मिळतो, "आधी दोन-चार डॅमसेल सोडा. चिवट असतात. जगले तर मग भारी मासे आणा." म्हणजे मासा नव्हे, पाणी तपासायचं साधन!

होतं काय ते बघा. माशाच्या शरीरातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. जुन्या टाकीत तो पचवणारे जिवाणू असतात, नव्या टाकीत नसतात. ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तो मासा त्याच अमोनियात श्वास घेतो, त्याचे कल्ले भाजतात. त्यातून वाचलाच तर पुढचं संकट. डॅमसेल हद्दीसाठी भांडणारा. आधी आला म्हणून सगळी टाकी त्याची, नव्यांना तो चावून बेजार करतो. मग मालकच म्हणतो, "काढा याला." गरज सरो, वैद्य मरो.

मासा न सोडताही टाकी तयार होते. चिमूटभर खाद्य पाण्यात कुजू द्या. अमोनिया आणि नायट्राइट आधी वाढून मग शून्यावर आल्याचं टेस्ट किटवर दिसलं, की मासा आणा. लागतो तो फक्त धीर.

दुसरा मुद्दा, मासा येतो कुठून? शोभेचे बहुतेक समुद्री मासे आजही प्रवाळातून पकडून आणले जातात. फिलिपिन्स, इंडोनेशियात त्यासाठी सायनाइड फवारल्याचा इतिहास आहे. तमिळनाडूत मंडपमच्या केंद्रीय संशोधन केंद्रानं डॅमसेल आणि क्लाउनफिशची पैदास करून दाखवली आहे. आपल्या ऐरोलीतही क्लाउनफिशची हॅचरी झाली. म्हणजे पर्याय आहे, मागणी करणारं गिऱ्हाईक पाहिजे. आणि हो, जिवंत प्रवाळ कुणी विकत असेल तर घेऊ नका. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे.

मत्स्यालयाच्या दुकानांसाठी केंद्रानं २०१७ मध्ये नियम केले. विरोध झाला, ते मागे घेतले. त्यामुळे जबाबदारी आता गिऱ्हाइकावर, म्हणजे आपल्यावर.

कुणी म्हणेल, "पत्रकारसाहेब, बांगडा खाताना हे आठवत नाही का?" खातो की. पण पोटासाठी मासा मारणं वेगळं आणि पाणी बरं आहे का हे बघायला मारणं वेगळं.

बाजारात वाघ्या घेवडा घेताना आपण विचारतो ना, कुठल्या रानातला? मासा घेतानाही दोनच प्रश्न विचारा : हॅचरीतला की समुद्रातला? आणि माझी टाकी खरंच तयार आहे का? उत्तर मिळालं नाही, तर पिशवी न घेता परत या. तुमच्या गावात काय चाललंय, कमेंटमध्ये जरूर सांगा.