ती वळून बघत नाही तेव्हा...

परवा आमच्या देवरीत एका कॉलेजच्या गॅदरिंगला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. रांगोळी, पाककृती, एकांकिका यांचं परीक्षण आजवर पुष्कळ केलं. यंदा मात्र स्पर्धा होती चक्क म्युझिक व्हिडिओची! मोबाइलवरच शूट करायचं, मोबाइलवरच एडिट करायचं, वेळ ३ मिनिटं. मी आपली वही-पेन घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसले.

एकूण ७ व्हिडिओ होते. पहिले ५ संपेपर्यंत लक्षात आलं, की आपण एकच व्हिडिओ ५ वेळा बघतोय. गॉगल लावलेला मुलगा, कुणाची तरी मागून आणलेली बाइक, आपला मुंबई-कोलकाता हायवे. पुढे ओढणी सांभाळत चाललेली मुलगी. मुलगा हॉर्न वाजवतो, मुलगी वळून बघते. तेही स्लो मोशनमध्ये! केस उडतात, ती लाजते आणि गाणं सुरू होतं. अख्ख्या गाण्यात तिला काम एवढंच, वळायचं आणि लाजायचं. ती बिचारी कुठे निघाली होती, हे कुणी विचारतच नाही.

मुलांना तरी काय दोष द्यायचा? इथून छत्तीसगडची हद्द जवळ. हिंदी, मराठी, छत्तीसगढी अल्बमची गाणी प्रत्येकाच्या मोबाइलवर. तीच त्यांची शाळा. आणि नक्कल करायलाही अक्कल लागते हो! स्लो मोशनमध्ये गाण्याचे शब्द ओठांवर बरोबर बसवायचे, तर शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, मुलांनी त्याच वेगात ओठ हलवायचे, मोबाइलवर सेकंदाला ५०-६० फ्रेम घ्यायच्या आणि मग ते चित्रण अर्ध्या वेगाने दाखवायचं. हे आमच्या बारावीच्या पोरांना येतं. मला तर त्या दिवशीच कळलं.

सहावा व्हिडिओ मुलींच्या गटाचा होता. सुरुवात अगदी तश्शीच. बाइक, गॉगल, हायवे. पोरांनी सवयीने शिट्ट्या मारल्या. बाजूच्या बांधीत धानाची कापणी सुरू होती आणि डोक्यावर भारा घेऊन एक मुलगी बांधावरून चालली होती. हॉर्न वाजला. आता ही वळणार, म्हणून सगळा हॉल वाट बघू लागला. ती वळलीच नाही. पुन्हा हॉर्न. तरी नाही. मग कॅमेराच त्या मुलाला सोडून तिच्या मागे निघाला. मुलाचं गाणं मागे बारीक बारीक होत गेलं. तिने पुंजण्याजवळ भारा टाकला, हात झटकले, झाडाला टांगलेली दप्तराची पिशवी घेतली आणि रस्त्यावर येऊन एसटीला हात दाखवला. शेवटचं दृश्य बसच्या मागच्या काचेतून. बाइक लहान होत होत दिसेनाशी झाली. हॉलमध्ये आधी हशा पिकला, मग क्षणभर सगळे गप्प झाले.

मला फार आवडलं ते हे, की या मुलींनी नेहमीची तऱ्हा टाकून दिली नाही. बाइक ठेवली, हॉर्न ठेवला, स्लो मोशनही ठेवलं. बदलली एकच गोष्ट. पहिल्याच मिनिटाला त्यांनी भाषण सुरू केलं असतं, तर निम्मा हॉल उठून चहाला गेला असता. प्रेक्षकाला ओळखीच्या रस्त्यावर घ्यायचं आणि मग हळूच दुसरीकडे वळवायचं, यातच खरी हुशारी.

'सैराट' (२०१६) आठवा. नागराज मंजुळे यांनी प्रेमगीतांची सगळी परिचित सामग्री वापरली. पण प्रेमात वेडा होऊन धावत सुटतो तो परश्या आणि बुलेट अन् ट्रॅक्टर चालवते ती आर्ची. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना येईपर्यंत आपण दोघांत पुरते गुंतलेले असतो. त्याच्याही आधी, २००० सालच्या सुमारास, शुभा मुद्गल यांनी गायलेल्या 'मन के मंजीरे'चा व्हिडिओ टीव्हीवर लागायचा. बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या 'ब्रेकथ्रू' संस्थेने तो केला होता. त्यात मीता वशिष्ठ ट्रक चालवते, सोबत बायका. नवऱ्याचा जाच सोडून स्वतः गाडी चालवू लागलेल्या एका खऱ्या बाईवरून ती गोष्ट सुचली होती. बाकी सगळं तेव्हाच्या पॉप गाण्यासारखंच. फक्त स्टिअरिंग बाईच्या हातात!

तर मी वहीत लिहिलं, 'शेवटपर्यंत मुलीचा चेहरा न दाखवण्याची कल्पना छान, कलात्मक.' आणि भरघोस गुण दिले. त्यांना दुसरा नंबर मिळाला. बक्षीस घ्यायला तिघी आल्या. मी कौतुकाने विचारलं, "काय गं, चेहरा लपवायचं कुणाला सुचलं?"

तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. मग जिने शूटिंग केलं होतं ती म्हणाली, "सुचलं नाही मॅडम. तिच्या घरून नाही म्हटलं. समोरून काढलेलं सगळं आम्हाला डिलीट करावं लागलं. पाठमोरं तेवढं राहिलं."

ती चौथी मुलगी गॅदरिंगलाही आली नव्हती. व्हिडिओच्या शेवटी नावं आली, त्यातही तिचं नाव नव्हतं. मी ज्याला कला म्हटलं, ती बंदी होती. आपली वही मला त्या क्षणी नकोशी झाली.

पुढे बाजारात तिच्या आईची गाठ पडली. मी विषय काढला तर म्हणाली, "पोरीचं तोंड मोबाइलवर फिरलं का मंग आमाले गावात राहाची सोय नाई, बाई. तुमचं काय जाते?" तिला मागासलेली म्हणून मी मोकळी होणार नाही. तिची भीती खोटी नाही. मुलीचा फोटो कुठे जातो, त्याखाली कोण काय लिहितं, हे आपण रोज बघतो. आणि निस्तरावं लागतं ते मुलीलाच.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. आपला हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर मंडई भरते, वडसाहून नाटक कंपन्या येतात आणि आपण रात्र-रात्र जागून नाटकं बघतो. दंडारीत पुरुषच बाईचं सोंग घ्यायचे. आता रंगमंचावर बायका काम करतात, नाटकात लावणी असते, वन्स मोअर होतो. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्या सगळ्यांचीच छाती फुगली. दुसऱ्याची लेक रंगमंचावर आली की टाळ्या, आणि आपली लेक धानाचा भारा घेऊन चालताना दिसली तर अब्रूचा प्रश्न. हे कसं काय?

म्हणून कॉलेजांना माझी एक विनंती आहे. स्पर्धा बंद करू नका, उलट नीट घ्या. व्हिडिओ आधी आई-बापांना बोलावून हॉलमध्ये दाखवा. आपली मुलगी त्यात काय करते, हे त्यांना ऐकीव न कळता डोळ्यांनी बघू दे. तो मोबाइलवरून पुढे पाठवायचा की नाही, हे त्यात दिसणाऱ्या मुलीला विचारून ठरवा. आज हो म्हणाली आणि उद्या नको वाटलं, तर तेही ऐका. आणि नाचायला मुली, कॅमेऱ्यामागे मुलं ही वाटणी तेवढी मोडा. त्या एका व्हिडिओत कॅमेरा मुलीच्या हातात होता, म्हणून तर तो भारा घेऊन चाललेलीच्या मागे गेला.

आणि आपण आया? आपणही मुलीला 'नाही' म्हणायच्या आधी एकदा तिने काय केलंय ते तरी बघूया.

त्या आईला मी म्हटलं, "एकदा बघा तर खरं, तुमची पोर त्यात बसने कॉलेजला जाते." ती काही बोलली नाही. भाजीची पिशवी उचलून निघाली. चार पावलं गेल्यावर मात्र थांबली आणि वळून म्हणाली, "कोन्या दिवशी दाखवता?"