उधारीची गोणी आणि कोरडवाहू कपाशी



खत कमी टाका म्हटले की बैठकीत कुणीतरी हमखास विचारतो, 'तुम्हीही गोमूत्रवाले झालात काय?' तसे काही नाही. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याचे गणित वेगळे. आम्ही बोलतो आहोत ते पावसाच्या भरवशावर पऱ्हाटी लावणाऱ्यांशी.

कोरडवाहू बीटी कपाशीला अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे हेक्टरी 60 किलो नत्र, 30 किलो स्फुरद, 30 किलो पालाश. म्हणजे एकरी 24, 12, 12. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद आणि 9 किलो नत्र असते, तेव्हा अर्धी गोणी पुरली. राहिलेले साडेएकोणीस किलो नत्र युरियाच्या एका गोणीत भागते. पालाशासाठी 20 किलो पोटॅश, तेही माती तपासून लागले तर. आता एकरी तीन-तीन गोण्या ओतणारे आपल्यात किती, ते ज्याचे त्याने पाहावे.

जादा टाकलेले जाते कुठे? आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत वरवर फेकलेल्या युरियातले नत्र हवेत उडते. जोराचा पाऊस आला तर नाल्याला लागते. पिकाने घेतलेच तर पऱ्हाटी लुसलुशीत होते, मावा-तुडतुडे तुटून पडतात आणि फवारणीचा खर्च वाढतो. पीक लांबते ते वेगळेच, गुलाबी बोंडअळीला आयते जेवण.

युरियाची एवढी सवय लागली त्याला सरकारही कारण आहे. 1992 साली स्फुरद-पालाशाचे भाव मोकळे सोडले, युरिया तेवढा स्वस्त ठेवला. 2010 च्या अनुदान योजनेतूनही तो बाहेरच राहिला. पुढे 2018 साली 50 किलोची गोणी 45 ची केली. शेतकरी किलो मोजत नाही, गोण्या मोजतो, हे दिल्लीला बरोबर कळले होते!

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की सगळ्या हंगामाचे खत जूनमध्ये उधारीवर उचलू नका. (त्या गोणीसोबत नको असलेली बाटलीही गळ्यात पडते, हे सांगायला नको.) पेरणीपुरते न्या. पुढचा युरिया पाऊस होऊन जमिनीत ओल असेल तेव्हाच, तण काढून, ओळीच्या बाजूला द्या आणि डवऱ्याने मातीआड करा. पावसाने ओढ दिली तर ती गोणी दुकानातच राहू द्या. व्याज तरी वाचेल.

शेणखत घाला म्हणणे सोपे आहे. पण ज्वारी गेली, कडबा गेला, कडब्यामागे बैलजोडी गेली, मग उकिरडा भरणार कशाने? चार तास ज्वारीचे नि चार तास तुरीचे पुन्हा शेतात आले पाहिजेत ते यासाठी. मूग-उडदाचा पाला जमिनीतच गाडा. पऱ्हाट्या धुऱ्यावर पेटवू नका, बारीक करून कुजवा.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने गेल्या हंगामाच्या खताच्या पावत्या आणाव्यात. एकरी किती रुपये गेले आणि किती क्विंटल कापूस आला, ते फळ्यावर मांडू.