प्रायश्चित्त विकत मिळत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव परिसरात लहानमोठ्या फौंड्रींच्या भट्ट्या अहोरात्र धगधगत असतात. वाहने, पंप आणि शेतीची अवजारे यांचे ओतीव सुटे भाग येथे घडतात. आजवर या उद्योजकाला ग्राहक दोनच प्रश्न विचारीत असे : भाव काय आणि माल केव्हा मिळेल? आता त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. हा माल घडविताना किती कार्बन हवेत गेला? युरोपीय महासंघाने लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आदी आयात मालावरील कार्बन शुल्काची व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू केली. सर्वच ओतीव वस्तू तिच्या कक्षेत येत नाहीत. परंतु मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे हिशेब मागू लागल्या आहेत आणि तो हिशेब अखेर छोट्या कारखानदाराच्या दारी येऊन पोहोचतो.

या प्रश्नाने उद्योजक संतापला, तर तो संताप अकारण म्हणता येणार नाही. भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन आहे, तर अमेरिकेचे १४ टनांच्या घरात. दोन शतके कोळसा जाळून समृद्ध झालेल्यांनी आज इतरांना संयमाचे पाठ द्यावेत, हा उघड दुटप्पीपणा आहे. भारत तो जागतिक व्यासपीठांवर सातत्याने मांडत आला आहे, हे योग्यच होय. परंतु हा न्यायाचा युक्तिवाद राष्ट्राने करावयाचा असतो. आपल्या कारखान्यातील अपव्यय झाकण्यासाठी कोणी त्याची ढाल करू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पाडला. कच्चा माल अडला, तयार माल अडला. एखाद्या पुराचे खापर केवळ हवामानबदलावर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. तथापि तापलेल्या हवेत बाष्प अधिक सामावते आणि अतिवृष्टीचा धोका वाढतो, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. दरडोई उत्सर्जनाचे आकडे दाखवून पंचगंगेचे पाणी ओसरत नाही.

मग उपाय कोणता? दोन मार्ग सांगितले जातात. एक, उत्सर्जन घटविणे. दुसरा, जे घडले त्याची भरपाई करणे. दुसरा मार्ग सोपा दिसतो. दूरच्या कोणत्या तरी प्रकल्पाची प्रमाणपत्रे विकत घ्यावीत, पर्यावरणदिनी रोपे लावून छायाचित्र काढावे आणि ‘कार्बनमुक्त उद्योग’ अशी पाटी लावावी, इतके झाले की काम संपले, असा समज पसरत आहे.

वास्तविक भरपाईची कल्पना या देशाला नवी नाही. स्मृतिकारांनी गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली : चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. यांनाच ‘पंचसूना’ म्हटले गेले. संसार चालवायचा तर ही साधने वापरावीच लागतात आणि ती वापरताना जीवहत्या घडतेच; म्हणून गृहस्थाने पंचमहायज्ञ करावेत, अशी व्यवस्था लावून दिली. या विचारात दोन गोष्टी गृहीत आहेत. भरपाई आहे ती अटळ दोषाची, आळसाने घडू दिलेल्या दोषाची नव्हे. आणि ती गृहस्थाने स्वतः, नित्य करावयाची आहे. पैसे मोजून दुसऱ्याकडून करवून घ्यावयाची नाही. आजच्या कार्बन बाजाराला नेमका याच दोन गोष्टींचा विसर पडतो.

उदाहरणादाखल, महिन्याला १०० टन लोखंड वितळविणारी एक छोटी फौंड्री घेऊ. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळविण्यास ढोबळमानाने ६०० युनिट वीज लागते आणि आपल्या देशात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे केवळ वितळविण्याचे वार्षिक उत्सर्जन ५०० टनांच्या आसपास जाते. पूर्ण वाढलेले झाड वर्षाला साधारण २० किलो वायू शोषते असे धरले, तर एवढ्यासाठी २५ हजार वाढलेली झाडे हवीत! पर्यावरणदिनाच्या पन्नास रोपांचे मोल यावरून ध्यानात यावे.

आता पहिल्या मार्गाचा विचार करू. याच फौंड्रीत शंभरांपैकी आठ टन माल सदोष म्हणून बाद होत असेल, तर तो पुन्हा वितळवावा लागतो. वाळूची तपासणी, साच्याची निगा आणि कारागिरांचे प्रशिक्षण यांच्या बळावर हे रिजेक्शन चार टनांवर आणले, तर वर्षाला सुमारे २८ हजार ८०० युनिट, म्हणजे २० टन कार्बन वाचतो. हजार झाडांचे काम हे! शिवाय वीजबिल उतरते आणि ग्राहकाचा विश्वास वाढतो तो वेगळाच. भट्टीचे झाकण बंद ठेवणे, स्क्रॅप स्वच्छ करूनच भट्टीत टाकणे, कॉम्प्रेसरच्या नळ्यांतील गळती शोधणे, वारंवार रिवाइंड केलेल्या जुन्या मोटारी बदलणे, ही कामेही तशीच. छपरावर १०० किलोवॉटची सौर यंत्रणा बसविली, तर वर्षाला १ लाख ४० हजारांच्या आसपास युनिट मिळतात. त्यासाठी भांडवल लागते, हे खरे. परंतु ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०२५ मध्ये सुरू केलेल्या ऊर्जाबचतीच्या व्याज-सवलत योजनेत फौंड्री उद्योगाचाही समावेश आहे.

इतके करूनही जे उत्सर्जन उरेल, ते अटळ. त्याची भरपाई जरूर करावी. मात्र ती डोळ्यांसमोर, आपल्याच परिसरात असावी. एखादी देवराई दत्तक घेऊन ती दहा-वीस वर्षे राखावी. लावलेल्या रोपांचा नव्हे, जगलेल्या झाडांचा हिशेब ठेवावा. कामगारांच्या गावी गोबरगॅस संयंत्रे उभारण्यास हातभार लावावा. अशी भरपाई समाजाला दिसते, म्हणून तिच्यात लबाडी चालत नाही.

संघाने शताब्दीनिमित्त समाजापुढे मांडलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण हा एक विषय आहे. त्याचा प्रारंभ वृक्षारोपणाने होतो, हे ठीकच. पण तो तेथेच थांबू नये. उद्योगनगरीतील कार्यकर्त्यांमध्ये अभियंते आहेत, हिशेबनीस आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांनी आपल्या वस्तीतील एकेका लहान कारखान्याचे वर्षभराचे वीजबिल आणि डिझेलचा खर्च मालकासोबत बसून तपासला, तर कोठे काय वाया जाते, हे दोन-चार बैठकांतच उमगेल. वापरलेली वाळू पुन्हा उपयोगात आणण्यासारखी कामे एकट्याच्या आवाक्याबाहेरची असतात; ती दहा उद्योजकांनी एकत्र येऊन करावीत. युरोपने प्रश्न विचारला म्हणून नव्हे, तर पंचगंगेच्या काठी पुढच्या पिढीलाही भट्टी पेटवायची आहे म्हणून हा हिशेब मांडला पाहिजे.