लक्ष्मीला आवतण

या सदरात एरवी मी एखाद्या शब्दाची विचारपूस करीत असतो. दिवाळीचा अंक म्हणून आज शब्दही लक्ष्मीच्या घरातला घेतला आहे : भांडवल. वस्तुतः हा शब्द पेढीवरचा. पण घरोघरी त्याचा उपयोग निराळाच होतो. 'एवढ्याशा गोष्टीचं भांडवल करू नका,' असे सासूबाई सुनेला नि सूनबाई सासूला सुनावते. म्हणजे भांडवल आणणे कठीण. भांडवल करणे मात्र फार सोपे! आम्हां वऱ्हाडातल्या मंडळींना हे दुसरे काम चांगले साधते. मागासलेपणाचे भांडवल करण्यात आमचा हात धरणारा कोणी नाही.

मी धारणीला मराठी शिकवतो. अमरावती जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशाच्या हद्दीला टेकलेले हे मेळघाटातले तालुक्याचे गाव. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करीत दीडशे किलोमीटरांच्या आसपास घाटवाट कापावी, तेव्हा धारणी येते. 'सर, आपल्या धारणीले कारखाना काहून येत नाही?' असे एका विद्यार्थ्याने मला भर वर्गात विचारले. तास अलंकारांचा होता. प्रश्न मात्र निरलंकार होता. उत्तर शोधण्यासाठी मला थोडे इतिहासात जावे लागले.

1877 साली जमशेटजी टाटांनी आपली एम्प्रेस मिल नागपुरास काढली. गिरण्या काढायच्या त्या मुंबईत, असा तो काळ. मग नागपूरच का? कोणी त्यांना निवेदन दिले नव्हते, की शिष्टमंडळ नेले नव्हते. कापूस भोवताली पिकत होता, कोळसा वरोऱ्याला निघत होता, मुंबईची आगगाडी नागपूरपर्यंत येऊन ठेपली होती आणि जमीन स्वस्त होती. दलदलीची जागा बुजवण्यात हा गृहस्थ पैसा मातीत घालतो आहे, असे म्हणून एका सावकाराने कर्ज नाकारले, अशी कथा सांगतात. त्या मातीतून पुढे सोने निघाले. लक्ष्मीला चंचल म्हणतात. पण तिचा पाय कुठे वळेल याचे गणित तसे अगदी पक्के असते!

सरकारच्या हे ध्यानात आले नव्हते असे नाही. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. 1964 मध्ये, जो कारखानदार मुंबई-पुणे सोडून दूर जाईल त्याला सवलती देण्याची योजना आली. पुढे तालुक्यांना श्रेण्या मिळाल्या : ए, बी, सी, डी आणि 'डी प्लस'. आमच्या परीक्षेत शेवटच्या श्रेणीला घरी बोलणी बसतात; इथे शेवटच्या श्रेणीला सर्वांत मोठे बक्षीस! हेतू चांगलाच होता. तथापि सवलत ही पाहुण्याला दारापर्यंत आणते. त्याला घरात टिकवते ती घराची घडी. मुंबईची फिनले मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आमच्या शेजारच्या अचलपुरात नव्याने उभी केली. भोवती कापूस होता, कामगार होते, मालक तर खुद्द सरकार. तरी 2020 च्या टाळेबंदीत तिचे चक्र थांबले, आणि टाळेबंदी उठल्यावरही कामगारांना भोंग्याची वाट पाहत बसावे लागले.

उलट अमरावतीजवळचे नांदगाव पेठ पाहा. राष्ट्रीय महामार्ग दाराशी, ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी, पसाऱ्याला मोकळी जमीन, आणि हाताशी शिकलेली मुले पुरवणारे शहर. म्हणून तिथे कापडाचे कारखाने आले, वीजनिर्मितीचे केंद्र आले. आणि 20 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याहून तिथल्या हजार एकरांच्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी केली. आधी पाट मांडला होता, म्हणून पाहुणा बसला.

धारणीत तो पाट कसा मांडावा? धुराड्यांचा कारखाना इथे येणार नाही, आणि येऊही नये. 1974 पासून मेळघाट हे वाघांसाठी राखलेले रान आहे. इथल्या सिपना-गडग्याचे पाणी पुढे तापीला मिळते. त्यात गिरणीचे सांडपाणी सोडणे म्हणजे देवघरात मोरी काढण्यासारखे होईल. दुसरी वाट 2016 मध्ये दिसली. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी धारणी तालुक्यातले हरिसाल 'डिजिटल गाव' करण्याचे ठरवले. केवढा गाजावाजा झाला! तीनच वर्षांनी, 2019 च्या निवडणुकीत, ते गाव खरोखर डिजिटल झाले की नाही यावर राज्यभर सभा गाजल्या. गावाचे नाव दोनदा मोठे झाले, एकदा कौतुकाने आणि एकदा वादाने.

मात्र याच तालुक्यातल्या लवाद्याला गाजावाजा न होता एक काम उभे राहिले. सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने 1990 च्या दशकात तिथे संपूर्ण बांबू केंद्र काढले. कच्चा माल रानातला, हात कोरकूंचे. त्यांनी त्याला शिक्षणाची आणि बाजाराची जोड दिली. सुनीलभाऊ 2021 मध्ये गेले. त्यांनी दाखवलेली वाट मात्र धारणीच्या अंगाला शोभणारी आहे. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाने 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड रान राखले, आणि तिथली सीताफळे मुंबईच्या बाजारापर्यंत गेली. यात भांडवल थोडे लागले. पण मालकी गावाची राहिली.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, 'पण सर, आमचे लोक तं कारखान्याकडेच जातात!' हेच खरे. भांडवल धारणीला येत नाही. धारणी भांडवलाकडे जाते. तुमच्या घरची दिवाळी आटोपते, तेव्हा इथली कितीतरी कोरकू कुटुंबे बोचकी बांधून मळ्यांवर, वीटभट्ट्यांवर, इमारतींच्या कामांवर निघतात, ती होळीला परततात. होळी हा त्यांचा मोठा सण. मधल्या महिन्यांत त्यांच्या पोरांची शाळा बुडते. त्या पोरांना मराठी आधीच परकी असते. कोरकू ही मराठीच्या कुळातली नव्हे, मुंडा कुळातली भाषा. पहिलीतल्या मुलाला गुरुजींचे शब्द कळत नाहीत, आणि कळू लागतात तोवर त्याच्या आईने बोचके बांधलेले असते.

म्हणून उद्योगाला आवतण द्यायचे तर ते कागदावर देऊन भागणार नाही. बारमाही रस्ता, न जाणारी वीज, पावसाळ्यातही औषधे असलेला दवाखाना, आणि कोरकू समजणारा पहिलीचा मास्तर. आवतणाची अक्षत ती ही. यांतले काहीही 'गुंतवणूक' म्हणून वर्तमानपत्रात छापून येत नाही. पण नांदगाव पेठेला जे महामार्गाने आणि धरणाने दिले, ते धारणीला या चार गोष्टींनीच मिळेल. कारखानदार जमिनीचा भाव विचारतो तसा एक दिवस हाताचाही भाव विचारील. त्या दिवशी आमच्या पोराच्या हातात बोचके असावे की हुन्नर, हे ठरवायला अजून वेळ आहे. फार नाही; पण आहे.