काटा शून्यावर आहे ना?

एक साधा प्रश्न. धातूची पिन फिरत्या चकतीवर तासभर घासली तर तिचं वजन कमी होईल की वाढेल? हसू नका. आमच्या प्रोजेक्टमध्ये ते चक्क एक मिलिग्रॅमने वाढलं होतं!

विषय होता धातूची झीज. घासण्याआधी पिनचं वजन करायचं, घासल्यावर पुन्हा करायचं आणि वजाबाकी करायची. पिन साधारण २० ग्रॅमची आणि झीज जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम. वजन अर्थातच डिजिटल काट्यावर. दशांशानंतर चार आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर शंका कोण घेणार? आमच्या ग्रुपमधल्या एकाने लगेच तोडगा काढला, "अरे, दोन मिलिग्रॅमचा तर प्रश्न आहे. आकडा बदलून टाक. कोणाला कळणार आहे?"

खरं सांगतो, मी पेन उचललं होतं. फर्स्ट इयरला टायट्रेशनची रीडिंग्ज आपण सगळ्यांनीच 'बनवली' आहेत, त्यात कधी काही वाटलं नाही. पण तेवढ्यात लॅबचे मामा आले. त्यांनी एकच विचारलं, "मधे टेबल हलवलं होतं ना? तेव्हा बबल बघितला होता का?"

बबल? काट्याच्या मागे पाण्याच्या थेंबाएवढी गोल लेव्हल असते, हे आम्हाला तेव्हा कळलं. मामांनी पेटीतलं २० ग्रॅमचं वजन चिमट्याने ठेवलं आणि काट्याचा एक पाय फिरवून तो किंचित तिरका केला. पुन्हा शून्य करून तेच वजन ठेवलं, तर आकडा तीन मिलिग्रॅमने खाली! काटा एक अंशाने कलला की वजनाचा बल खालच्या दिशेला पूर्ण मिळत नाही, कोसाइनइतकाच मिळतो. मेकॅनिक्सच्या पेपरात हे गणित आम्ही सोडवलं होतं. मार्कही मिळाले होते!

मग मामांनी कपाटावरचा, काचेच्या पेटीतला जुना दोन पारड्यांचा तराजू खाली काढला. पुढचा अर्धा तास हे माझ्या मते चार वर्षांतलं सर्वांत चांगलं प्रॅक्टिकल. आधी पायांचे स्क्रू फिरवून ओळंबा जुळवायचा. मग रिकामी पारडी ठेवून दांडी हळूच उचलायची आणि टोकांच्या नट्सनी काटा शून्यावर आणायचा. वजन ठेवताना किंवा काढताना दांडी खाली टेकलेलीच हवी, नाहीतर अकीकाच्या सुरीसारख्या धारेला टवका जातो. त्या धारेला तेल कधीच लावायचं नाही, कारण तेलावर धूळ बसते. वजनांना बोट लावायचं नाही. गरम वस्तू ठेवायची नाही, कारण तिच्याभोवतीची हवा वर चढते आणि वस्तू हलकी भासते.

एवढं करूनही तराजू खोटा असू शकतो! दांडीचे दोन्ही हात तंतोतंत सारखे नसले तर? शून्य बरोबर दिसेल, वजन मात्र चुकेल. यावर उपाय म्हणजे तीच वस्तू एकदा डाव्या आणि एकदा उजव्या पारड्यात तोलायची. एकीकडे ५०.०२ आणि दुसरीकडे ४९.९८ आलं, तर खरं वजन ५०.०० ग्रॅम. ही युक्ती गाउसच्या नावाने ओळखली जाते. किती सोपी, आणि किती प्रामाणिक! यंत्राची चूक यंत्राकडूनच वदवून घ्यायची.

माझं म्हणणं असं नाही की डिजिटल काटे फेकून द्या. साठ जणांच्या बॅचला दोन पारड्यांचा तराजू दिला तर प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत संपणार नाही. पण डिजिटल काटा बल मोजतो. समुद्रसपाटीला कॅलिब्रेट केलेला काटा तसाच महाबळेश्वरला नेला, तर गुरुत्वाकर्षण बदलल्याने २०० ग्रॅमवर काही सेंटिग्रॅमचा फरक पडतो. तराजूत हे दोन्ही बाजूंना सारखंच घडतं, म्हणून तिथे प्रश्न येत नाही. आणि मुख्य म्हणजे तराजूची चूक डोळ्यांना दिसते. डिजिटल काटा मात्र चुकीचा आकडाही तेवढ्याच आत्मविश्वासाने दाखवतो, अगदी व्हायव्हात आपण देतो तसा!

म्हणून दोनच मागण्या. एक, प्रत्येक काट्याशेजारी एक तपासणीचं वजन आणि एक वही हवी. रोज सकाळी पहिलं रीडिंग त्या वजनाचं घ्यायचं. दोन, जुने तराजू भंगारात काढू नका. फर्स्ट इयरच्या प्रत्येक बॅचला एक प्रॅक्टिकल त्यावर द्या. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळच्या धातूच्या ठोकळ्यावरून प्लांकच्या स्थिरांकावर आली. पण तो ठोकळ्याशी जोडणारं जे यंत्र वापरलं, त्याचं नावही 'किबल बॅलन्स'च! तराजू म्हणजे कालबाह्य, असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आमच्यापैकी बरेच जण ऊसवाल्या गावांतून आले आहेत. कारखान्याची काटामारी हा विषय निघाला की आपला आवाज चढतो, आणि चढायलाच हवा. पण लॅबमध्ये आकडा बदलायला पेन उचलतो, तेव्हा आपण वेगळं काय करतो? उद्या आपल्याच सहीने पुलाचं काँक्रीट किंवा औषधाची बॅच पास होणार आहे.

आम्ही ती नऊ रीडिंग्ज खोडली. वहीत कारण लिहिलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी जायचं रद्द करून नव्या पिना घासत बसलो. आईचा फराळ कुरियरने आला, तोही थोडा चुरा होऊन! पण या वेळी सगळ्या पिनांचं वजन कमीच झालं.

लेक्चरला कधीमधी दांडी मारा (हे वाक्य सरांनी वाचू नये!), पण तराजूची दांडी मारू नका.

– एक विद्यार्थी, अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी